अंकीय फॅशन आरेखन

अंकीय फॅशन आरेखन म्हणजे पोशाखाची संकल्पना, त्याचे तांत्रिक रेखाचित्र आणि कापडावरील नक्षी संगणक, टॅबलेट व आरेखन सॉफ्टवेअर यांच्या साहाय्याने तयार करणे होय. मोठ्या वस्त्रकंपन्यांत साधनांची खरेदी, परवाने व दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी असते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझाइनरला मात्र ही निवड स्वखर्चाने करावी लागते. अशा डिझाइनरकडून ग्राहकाकडे बहुधा केवळ एक फाइल जाते. त्या फाइलवरून मास्टर नमुना बेततो आणि कापड कापले जाते. रेखाचित्रातील संदिग्धता त्यामुळे थेट कापडाच्या नुकसानीत उतरते. फाइल पुढे कोण व कशासाठी वाचणार आहे, हा साधनांच्या निवडीचा पहिला निकष मानला जातो.

रेखाचित्रांचे प्रकार

फॅशन रेखाचित्रांचे सामान्यतः तीन प्रकार पडतात व प्रत्येकाची तांत्रिक गरज वेगळी असते.

पहिला प्रकार संकल्पनाचित्राचा. प्रौढ मानवी शरीर सुमारे साडेसात डोक्यांइतके उंच असते. संकल्पनाचित्रात मात्र ते नऊ डोक्यांइतके उंच दाखवण्याचा प्रघात आहे. कापडाचा झोळ, चमक आणि एकंदर भाव ग्राहकापर्यंत पोहोचवणे हा त्याचा हेतू असतो.

दुसरा प्रकार तांत्रिक रेखाचित्राचा असून व्यवसायात त्याला ‘फ्लॅट’ म्हणतात. यात कपडा सपाट पसरल्यासारखा, पुढून व मागून, शरीराविना काढला जातो. शिवणी, टक्स, चुण्या, काजे, खिसे आणि वरून दिसणारी टीप यांची जागा त्यात नेमकी दाखवावी लागते. मापे, कापड, दोरा व बटणे यांचा तपशील फ्लॅटला जोडला की ‘टेक पॅक’ तयार होतो.

तिसरा प्रकार छपाईच्या नक्षीचा. यात नक्षीचा एक तुकडा चहूबाजूंनी पुन्हापुन्हा मांडला असता सांधा दिसू नये, अशी रचना करावी लागते.

रास्टर आणि व्हेक्टर

रास्टर चित्र रंगीत बिंदूंच्या जाळीचे बनलेले असते. ए४ आकाराच्या कागदावर ३०० डीपीआय घनतेने छापण्यासाठी २४८० × ३५०८ बिंदू लागतात. याहून लहान काढलेले चित्र मोठे केल्यास कडा पुसट होतात. व्हेक्टर चित्रात रेषा गणिती सूत्राच्या रूपात साठवली जात असल्याने ती कितीही मोठी केली तरी स्पष्ट राहते.

व्हेक्टर सॉफ्टवेअरमधील वक्ररेषांना बेझिए वक्र म्हणतात. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात गाड्यांच्या बाह्यांगाच्या रचनेसाठी ते प्रचारात आणले. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तल्जो यांनीही स्वतंत्रपणे अशाच वक्रांवर काम केले होते. पत्र्याच्या गोलाईसाठी घडलेली ही पद्धत मुंढ्याची व गळ्याची गोलाई काढण्यासही सोयीची ठरली. मोजके बिंदू हलवून बाहीचा आकार बदलता येतो आणि अर्धा कपडा काढून उरलेला अर्धा आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटवून घेता येतो. यामुळे फ्लॅटसाठी व्हेक्टर, तर संकल्पनाचित्रासाठी रास्टर पद्धत प्रामुख्याने वापरली जाते. नक्षीसाठी दोन्ही चालतात.

सॉफ्टवेअर

अडोबी इलस्ट्रेटर हे १९८७ साली बाजारात आलेले व्हेक्टर सॉफ्टवेअर वस्त्रोद्योगात फ्लॅट व टेक पॅकसाठी सर्वाधिक प्रचलित असलेल्यांपैकी आहे. टिपेसारख्या पुनरावृत्त रेषांसाठी त्यात विशेष ब्रश तयार करता येतात. भारतात छपाई व भरतकामाच्या व्यवसायात कोरलड्रॉचाही मोठा वापर आहे. भरतकामाचे विलकॉम हे सॉफ्टवेअर कोरलड्रॉशी जोडून वापरता येते. इंकस्केप हे २००३ साली सुरू झालेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर असून फ्लॅट काढण्यासाठी ते पुरेसे ठरते. छपाईसाठी लागणाऱ्या सीएमवायके रंगपद्धतीची सोय मात्र त्यात दीर्घकाळ तोकडी राहिली आहे.

रास्टर चित्रासाठी फोटोशॉप, क्लिप स्टुडिओ पेंट, प्रोक्रिएट व क्रिटा ही नावे प्रमुख आहेत. प्रोक्रिएट केवळ ॲपलच्या उपकरणांवर चालते व एकदाच किंमत मोजून घेता येते. त्यातील थरांची कमाल संख्या चित्राच्या आकारावर आणि उपकरणाच्या स्मृतीवर अवलंबून असते. त्यात व्हेक्टर रेषा काढता येत नाहीत, त्यामुळे टेक पॅकसाठी दुसऱ्या सॉफ्टवेअरची जोड लागते. क्रिटा विनामूल्य असून, त्यात काढत असतानाच नक्षी चहूबाजूंनी जुळलेली दाखवणारी सोय आहे.

उपकरणे

पेन टॅबलेटवर हात टेबलावर चालतो व रेषा समोरच्या पडद्यावर उमटते. हे साधन तुलनेने स्वस्त असते, परंतु हात व डोळा यांचा मेळ बसण्यास काही काळ सराव लागतो. पेन डिस्प्लेमध्ये थेट पडद्यावर रेषा काढता येते. त्यालाही संगणक जोडावा लागतो. वाकॉम या जपानी कंपनीची पेने विद्युतचुंबकीय अनुनादावर चालत असल्याने त्यांत बॅटरी नसते. सॅमसंगच्या एस पेनमध्येही हेच तंत्र वापरले जाते. ॲपल पेन्सिल २०१५ साली आयपॅड प्रोसोबत आली. ती भारित करावी लागते आणि तिची प्रत्येक आवृत्ती प्रत्येक आयपॅडवर चालत नाही.

पेनाच्या दाबाच्या पातळ्यांची संख्या जाहिरातींत ठळकपणे दिली जाते. फ्लॅटमधील रेषा एकसमान जाडीची असल्याने या कामात तिचे महत्त्व कमी आहे. बेझिए वक्राचे बिंदू माउसनेही नेमके बसवता येतात. केवळ टेक पॅक करणाऱ्या डिझाइनरला त्यामुळे साधा संगणक व चांगला पडदा पुरतो. संकल्पनाचित्रे व हाताने रंगवलेली नक्षी करणाऱ्यास पेनाची गरज भासते.

रंग

पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो, तर कापडावर रंग रंगद्रव्यातून येतो. एकच रंग दोन पडद्यांवर वेगळा दिसू शकतो. त्यामुळे रंगारी किंवा छपाईदाराला पडद्यावरील छटेऐवजी ठरावीक रंगक्रमांक कळवला जातो. सुती कापडाच्या नमुन्यांवर आधारलेले पॅन्टोनचे टीसीएक्स क्रमांक यासाठी प्रचलित आहेत. २०२२ साली पॅन्टोनचे बहुतेक रंगसंच अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून काढण्यात आले व त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्गणी लागू झाली. छापील रंगपुस्तिका जवळ असल्यास क्रमांक तिच्यावरून पाहून टेक पॅकमध्ये लिहिता येतो.

परवाने आणि फाइलची स्वरूपे

२०१३ पासून अडोबीने आपल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्यास सुरुवात केली. वर्गणी थांबल्यास फाइल डिझाइनरकडेच राहते, परंतु मूळ सॉफ्टवेअरमध्ये तिच्यात बदल करता येत नाहीत. काम अनियमित असलेल्या डिझाइनरच्या दृष्टीने हा मोठा धोका ठरतो, कारण जुना ग्राहक दोन वर्षांनी त्याच कपड्यात किरकोळ फेरफार मागू शकतो. प्रत्येक कामाची पीडीएफ व एसव्हीजी स्वरूपातील प्रत ठेवल्यास ती अन्य सॉफ्टवेअरमध्येही उघडता येते, मात्र थर व विशेष ब्रश यांचा काही तपशील गमावला जाऊ शकतो.

लहान कारखान्यांत रेखाचित्रे अनेकदा मोबाइल फोनवरून पाठवली जातात. संदेश सेवा छायाचित्रांचा आकार कमी करतात आणि त्यात बारीक टिपा व मापांचे आकडे अस्पष्ट होतात. पीडीएफ दस्तऐवज म्हणून पाठवल्यास हे टळते.

त्रिमितीय आरेखन

क्लो, ब्राउझवेअर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नमुन्याचे तुकडे आभासी शरीरावर शिवून कपडा कसा पडेल हे पाहता येते. नमुन्याचे तुकडे डीएक्सएफ स्वरूपात अन्य प्रणालींना देता येतात. यासाठी समर्थ चित्रसंस्कारक असलेला संगणक लागतो, तसेच नमुना बेतण्याचे ज्ञानही आवश्यक असते. चुकीचा बेतलेला मुंढा आभासी शरीरावरही ओढलेलाच दिसतो. अशा चाचणीमुळे शिवून पाहावयाच्या नमुन्यांची संख्या कमी होते. कापडाचा स्पर्श व अंगावरील सैलपणा मात्र प्रत्यक्ष शिवलेल्या नमुन्यावरूनच ठरवला जातो.