तार उपटून दाखवा

भिवंडीच्या गोदामात वायफाय गेलं की हमालापासून मॅनेजरपर्यंत सगळे वर बघायला लागतात. खोक्यावरचा बारकोड वाचणाऱ्या स्कॅनरला प्रत्येक खोक्यामागे दूरच्या सर्व्हरला विचारावं लागतं. ते थांबलं की ट्रक धक्क्याला लागूनही रिकामाच. म्हणून मालकाचं एकच मागणं असतं : एखादा एपी, म्हणजे छताला टांगलेला अ‍ॅक्सेस पॉइंट, बंद पडला तरी काम चालू राहिलं पाहिजे.

अशाच एका गोदामात हे काम चालू असताना मी नेटवर्कवाल्यामागे फिरत होतो. एपी आधीच भरपूर होते, जरा जास्तच. पण त्याने छताकडे पाहिलंच नाही. तो थेट स्विचच्या रॅककडे गेला. एपीला वीजही नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते आणि इथे सगळ्या केबली एकाच स्विचमध्ये खोचलेल्या. तो स्विच गेला की अख्खं छत मेलं. त्याने गोदामाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या यूपीएसवर दुसरा स्विच बसवला आणि एपी एकाआड एक वाटले : एक या स्विचवर, शेजारचा त्या स्विचवर. केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवायची, त्यामुळे निम्मा दिवस ती कुठून ओढायची यातच गेला.

मग सिग्नल. ‘फुल पॉवरवर ठेवा ना,’ सुपरवायझर म्हणाला. हा मोह सगळ्यांनाच होतो. पण २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल जेमतेम तीन : १, ६ आणि ११. सगळेच एपी मोठ्याने ओरडू लागले तर एकाच चॅनलवरचे दूरदूरचे एपीही एकमेकांची वाट अडवतात. शिवाय स्कॅनरला एपी ऐकू येतो, स्कॅनरचा क्षीण आवाज मात्र एपीपर्यंत पोचत नाही. म्हणून पॉवर मध्यम ठेवायची. शेजारचा एपी मेला तर सगळ्या एपींवर लक्ष ठेवणारा कंट्रोलर ती वाढवतो. सिग्नलची मोजणी मात्र मांडण्या भरलेल्या असतानाच करायची. पाण्याच्या बाटल्यांची थप्पी सिग्नल पिऊन टाकते.

कुठल्या एपीला चिकटायचं हे शेवटी स्कॅनरच ठरवतो. म्हणून सगळीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड तोच.

जेवणाच्या सुट्टीत चाचणी झाली. लॅपटॉपवर पिंग, म्हणजे सर्व्हरला सतत हाक मारून उत्तर येतंय का बघणं, चालू ठेवून त्याने एका एपीची तार उपटली. दोन-तीन उत्तरं हुकली, मग ओळी पुन्हा वाहू लागल्या. नंतर त्याने जुना स्विचच बंद केला. निम्मे एपी विझले, तरी स्कॅनर चालत होते. सुपरवायझर खूश. नेटवर्कवाल्याने मात्र एक स्कॅनर बंद करून पुन्हा चालू केला आणि तो जोडलाच जाईना. आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर त्या बंद केलेल्या स्विचवरच होता. आधीपासून चालू असलेल्यांकडे पत्ता होता, नव्याने येणाऱ्याला तो द्यायला कोणी नव्हतं. हे छतावरचे एपी मोजून कधीच कळलं नसतं. दुसरा डीएचसीपी सर्व्हर नव्या स्विचवर आला, तेव्हाच त्याने काम संपल्याचं सांगितलं.

तुमच्या कचेरीत किंवा गोदामात असं काम होणार असेल, तर बिल चुकवण्याआधी स्विच बंद करून दाखवायला सांगा आणि तो बंद असताना एखादं यंत्र नव्याने सुरू करून बघा.