शिरगावचा पूर शिरगावात पडत नाही

नदीकाठची गणितं : लेखांक ४

जुलैत टीव्हीच्या पट्टीवर ‘लोणावळ्यात अतिवृष्टी’ झळकलं की शिरगाव-गोडुंब्र्याकडच्या घरांतले फोन वाजायला लागतात. पाव्हण्यांचा प्रश्न एकच, पूर आला का? काळजी खरी, पण पत्ता चुकलेला. लोणावळा शहरात पडलेला पाऊस शिरगावला येतच नाही. मधे लोहगड-विसापूरची रांग आहे. तिच्या उत्तरेचं पाणी इंद्रायणीत उतरतं आणि कामशेत, इंदोरी, देहू करत आळंदीला जातं. दक्षिणेचं, म्हणजे तुंग आणि तिकोन्याच्या खोऱ्यातलं पाणी पवनेचं. शिरगाव पवनेकाठचं गाव. तेव्हा शिरगावकरांनी बघायचा आकडा पवनानगरचा, धरणावरचा.

गावातला पाऊस बघून तर काहीच कळत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, पुणे शहरात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही. मावळ तालुका या दोन टोकांच्या मधे आडवा पसरलाय. पश्चिमेच्या मावळात चार दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा सोमाटणे फाट्यावर रिपरिप असते, कधी तर चक्क ऊन. नदी मात्र घाटमाथ्याचा हिशेब घेऊन येते.

हा हिशेब एकदा कागदावर मांडू. शंभर चौरस किलोमीटर डोंगराळ भाग घ्या आणि त्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पाडा. पाणी झालं १,००० कोटी लिटर. धरणाच्या भाषेत एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर, म्हणजे आपलं पाणी झालं एक तृतीयांश टीएमसी. घाटात दिवसाला ३०० मिलिमीटर पाऊस अधूनमधून होतोच. तेवढा झाला तर एक टीएमसी.

पवना धरणाचा उपयुक्त साठा साधारण साडेआठ टीएमसी. जूनअखेर धरण तळाला असतं, तेव्हा असे दोन-तीन भयंकर दिवसही ते गुपचूप पोटात घालतं आणि शिरगावला पत्ता लागत नाही. तोच पाऊस धरण काठोकाठ भरल्यावर झाला तर जितका येवा तितका विसर्ग, दुसरा इलाज नाही. एक टीएमसी पाणी २४ तासांत सोडायचं तर सेकंदाला ११,५०० घनफुटांहून थोडं जास्त, म्हणजेच तितके क्युसेक. ही झाली दिवसभराची सरासरी. पाऊस काही सरासरीने पडत नाही. पहाटेच्या तीन तासांत निम्मा पडला तर दरवाजांतून निघणारा आकडा कितीतरी मोठा होतो.

शिवाय जमीन. जूनचा पहिला पाऊस तापलेली माती पिऊन टाकते. ऑगस्टपर्यंत मावळातला मातीचा पातळ थर चिंब होतो आणि खाली काळा कातळ, तो कितीसं पिणार? म्हणून १५ जूनचे शंभर मिलिमीटर आणि १५ ऑगस्टचे शंभर मिलिमीटर नदीच्या दृष्टीने एक नव्हेत. पुराचं मूळ पावसाच्या बेरजेपेक्षा त्याच्या वेळेत शोधावं लागतं.

इथून धरणाच्या भांडणाला सुरुवात होते. पवनेवर पिंपरी-चिंचवडची तहान अवलंबून आहे आणि काठावरचा ऊसही. अधिकाऱ्याला वाटतं, जुलैतच भरून घ्यावं. पुढे पाऊस दडी मारून बसला तर शिव्या त्यालाच बसणार. पूर टाळायचा तर ऐन पावसात धरणात जागा मोकळी ठेवावी लागते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. यासाठीच कोणत्या तारखेला पाणी किती पातळीपर्यंत चढू द्यायचं याचं वेळापत्रक असतं. माझं मत विचाराल तर हे वेळापत्रक आणि रोजची पातळी नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागायला हवी. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. किती सोडलं यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मला त्याहून मोठा वाटतो तो, लोकांना कधी कळलं, हा प्रश्न. पवना धरणापासून शिरगावपर्यंत नदीची वळणं धरून पंचवीस किलोमीटर मानले आणि पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तर हातात साडेतीन तास असतात. गोठ्यातली जनावरं सोडायला, मोटारी वर काढायला एवढा वेळ पुरतो. मात्र निरोप दरवाजे उचलण्याआधी निघाला पाहिजे.

पण सगळं धरणाच्या माथी मारून चालणार नाही. धरणाच्या खाली पवनेला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांवर कोणाचाच दरवाजा नाही. ओढा काय करू शकतो हे पुण्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिलं. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला लोंढा आला, त्यात आणि आसपासच्या भागात वीसहून अधिक माणसं गेली. तिथे मोठं धरण फुटलं नव्हतं की दरवाजे उघडले नव्हते. ओढ्याची जागा आधीच खाल्लेली होती. ओढ्याला भान नसतं आणि वेळही लागत नाही. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा पाणी चढायला काही मिनिटंच पुरली.

सोमाटणे ते गहुंजे पट्ट्यात आता शेतापेक्षा प्लॉटिंगचे फलक जास्त. द्रुतगती मार्ग झाला, गहुंज्याला क्रिकेटचं स्टेडियम आलं, शिरगावात प्रतिशिर्डीच्या दर्शनाला रीघ लागते. जमिनीला भाव येणारच, त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. मात्र नदीकडेचा सखल तुकडा विकायचा तर आधी त्यावर मुरूम आणि राडारोडा टाकून तो उंच करतात. एका एकरावर दोन मीटर भराव म्हणजे आठ हजार घनमीटर. नदीतून १० हजार क्युसेक वाहत असताना तेवढं पाणी अर्ध्या मिनिटात निघून जातं. म्हणून ज्याने भराव टाकला तो प्रामाणिकपणे म्हणतो, माझ्या एका एकराने काय होतंय? त्याच्यापुरतं ते बरोबरही आहे. पण पुराच्या वेळी नदी फक्त पात्रातून वाहत नाही, दोन्ही काठांवरच्या सखल रानातूनही वाहते. दोन्हीकडून पन्नास जणांनी तेच केलं की वाट अरुंद होते, आणि अरुंद वाटेतून तेवढंच पाणी काढायचं तर पातळी वर चढते. ती चढते वरच्या अंगाला, दुसऱ्याच कुणाच्या दारात. भराव कोणाचा आणि पाणी कोणाच्या घरात, हा मेळ पंचनाम्यात कधीच लागत नाही.

यासाठी सरकारने दोन रेषा आखल्या आहेत. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे अटी. लोक ऐकतात ‘शंभर वर्षांतून एकदा’ आणि निर्धास्त होतात. त्याचा खरा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा. तीस वर्षांचं गृहकर्ज काढून लाल रेषेच्या अगदी काठावर घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता चारात एक. निळ्या रेषेवर ती शंभरात सत्तर होते. जुगारातही माणूस याहून शहाणपणाने पैसे लावतो. मे २०२५ मध्ये चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला होता. घेणाऱ्यांची आयुष्याची कमाई गेली. पाडण्याआधी उभे कसे राहिले, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

उपाय म्हणून काठाला भिंत बांधा, असं हटकून सुचवलं जातं. भिंतीच्या आतला वाचतो आणि पाणी समोरच्या काठावर किंवा खालच्या गावाकडे सरकतं. शिरगावला भिंत घातली तर गोडुंब्र्याने काय करायचं? नेदरलँड्सने शेकडो वर्षं बांध उंच करण्यातच घालवली. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर त्यांनी उलटी दिशा धरली. नायमेखन शहराजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला आणि पुरासाठी जादा पात्र खोदलं. घरं हलवली, भरपाई दिली. बांध मागे घेणं किती महाग पडतं ते तिथे कळतं. आपल्याकडे शिरगावच्या आजूबाजूला बरीच जागा अजून मोकळी आहे, तिला फक्त मोकळं राहू द्यायचंय. त्या बदल्यात शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत, कारण बिनमोबदला मनाई म्हणजे त्याच्या खिशातून शहराची सोय.

भाताच्या खाचरांबद्दलही एक सांगायचं. एका एकराच्या खाचरात दहा सेंटिमीटर पाणी थांबलं तर ते चार लाख लिटर होतं. ऑगस्टमध्ये खाचरं आधीच भरलेली असतात, त्यामुळे मोठ्या पुरात त्यांचा फार आधार धरू नये. तरी बांधाबांधावरून उतरणारं पाणी सावकाश येतं, काँक्रीटवरून आलेलं एकदम येतं. इंद्रायणी तांदळाचं वाण ज्या वडगावच्या संशोधन केंद्रातून आलं त्या तालुक्यात खाचर राखायला एवढं कारण पुरे असावं.

बाकी कामं किरकोळ वाटतील अशी आहेत. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे पावसाआधी काढणं, पुलाच्या खांबांना अडकलेली झाडं आणि जलपर्णी उपसणं, रस्त्याखालच्या मोऱ्या साफ करणं. ओढ्यावर नवा रस्ता करताना एका पाइपावर भागवू नये. हे ग्रामसभेत ठरावाने मागता येतं. आपल्या गटनंबरातून निळी रेषा कुठून जाते तेही विचारून घ्यावं, आणि ती नकाशापुरती न ठेवता जमिनीवर खांब रोवून दाखवायला लावावं.

पवना पुढे दापोडीला मुळेला मिळते. मुळशीचं पाणी तिकडून जोरात आलेलं असलं की पवनेचं पाणी मागे फुगतं, आणि वर सगळं सुरळीत असूनही सांगवीत घरांत पाणी शिरतं. पुढच्या आठवड्यात या फुगवट्याचं गणित.