कार्यालयीन ईमेलमधील कर्त्याचा लोप

कार्यालयीन पत्र स्पष्ट आहे किंवा नाही, हे त्यातील शब्द सोपे की कठीण एवढ्यावरून ठरत नाही. कोणी, काय आणि केव्हापर्यंत करावयाचे, हे वाचणाऱ्यास पुन्हा न विचारता कळावे, ही खरी कसोटी होय. मराठी ईमेलला ही कसोटी लावली असता आपल्या कार्यालयीन गद्याची एक जुनी सवय लक्षात येते.

पेशवेकालीन पत्रांत मायना व क्षेमकुशल झाल्यावर 'विशेष' हा शब्द येई व मुख्य मजकुराचा आरंभ त्यावरून समजे. ईमेलमध्ये हे कार्य विषयाची ओळ करते. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली संगणकांच्या जाळ्यावरून पहिला संदेश धाडला. १९७३ साली प्रेषक, दिनांक व विषय यांच्या एकरूप मांडणीचा प्रस्ताव पुढे आला. तेव्हापासून मिळालेली ही जागा नुसते 'महत्त्वाचे' असे लिहून वाया दवडू नये. 'मौखिक परीक्षा : परीक्षकांची संमती, १० जूनपर्यंत' या ओळीने अर्धे काम तेथेच होते.

परंतु खरी अडचण मजकुरात असते. 'सदर प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मात्र 'करण्यात येणे' या रचनेत कर्ता सांगण्याची गरज उरत नाही. 'सोमवारी ग्रंथालय बंद ठेवण्यात येईल' या सूचनेत हा लोप योग्यच आहे. बंद कोण ठेवणार, याच्याशी वाचकास कर्तव्य नसते. याउलट, एखाद्या शोधप्रबंधाविषयीचा संदेश मार्गदर्शक, विभागप्रमुख व परीक्षा विभाग या तिघांना एकदमच गेला, तर कार्यवाही दुसरा करील असे प्रत्येकास वाटते. कोणाचाही दोष सिद्ध होत नाही. विद्यार्थ्याची मुदत मात्र टळते.

प्रतींच्या सुलभतेने ही अडचण वाढते. 'सीसी' ही अक्षरे मुळात कार्बन प्रतीची. टंकलेखन यंत्रावर वाचनीय प्रती मोजक्याच निघत, म्हणून प्रत कोणास द्यावी याचा विचार करावा लागे. आता प्रतीस श्रम पडत नाहीत. म्हणून ज्याने काम करावयाचे त्याचेच नाव 'प्रति'मध्ये व ज्यास केवळ माहिती हवी त्याचे 'सीसी'मध्ये, हा भेद कटाक्षाने पाळणे इष्ट.

कर्त्याचे नाव घेतल्यास वाक्य आज्ञार्थी व उद्धट वाटेल, असा आक्षेप संभवतो. तथापि मराठीतील विध्यर्थ येथे उपयोगी पडतो. 'आपण परीक्षकांचे संमतिपत्र १० जूनपर्यंत परीक्षा विभागाकडे पाठवावे, ही विनंती' या वाक्यात कर्ता, कर्म, मुदत व विनय ही चारही अंगे आहेत.

कर्ता लिहावयाचा तर तो आधी ठरवावा लागतो. पुष्कळदा संदिग्ध वाक्याच्या मुळाशी भाषेचे अज्ञान नसते, न घेतलेला निर्णय असतो. म्हणून ईमेल धाडण्यापूर्वी त्यातील प्रत्येक 'करण्यात यावे'पाशी थांबून 'कोणी?' असा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर लेखकापाशीच नसेल, तर ते वाचणाऱ्यास सापडणे शक्य नाही.