उत्तर मुंबईचा प्रतिनिधि आणि संरक्षणाचा वाद (इ. स. १९६१–१९६३)

प्रस्तुत लेखाचा विषय कोणत्याही जुन्या दप्तरांतून निघालेला नाहीं, हें आरंभींच सांगणें बरें. मोडी रुमाल व महजर चाळण्याचा ज्यांचा नित्याचा परिपाठ, त्यांस साठ वर्षांपूर्वींचे लोकसभेचे छापील वृत्तांत हें इतिहासाचें साधन वाटणार नाहीं. तथापि कागद छापील असला म्हणून तो आपला अर्थ आपण होऊन सांगतो असें नाहीं. कोण, कोणत्या अधिकारानें व कोणासमोर बोलला, हें बखरीप्रमाणें येथेंही पडताळून घ्यावें लागतें. मुंबईच्या उपनगरांशीं ज्या वादाचा निकटचा संबंध आला, त्याचीं साधनें कशीं वाचावीं एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

दि. ११ एप्रिल १९६१ रोजीं संरक्षण खात्याच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेपुढें असतां आचार्य जीवतराम कृपलानी यांनीं संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांजवर उघड दोषारोप केले. चीननें आपला सुमारें १२,००० चौरस मैल मुलूख घेतला आणि आपल्या बाजूनें एक प्रहारही झाला नाहीं. सैन्यांत तट पाडले गेले व त्याचें मनोधैर्य खचलें. दरिद्री देशाचा पैसा व्यर्थ गेला. असा त्या भाषणाचा सारांश आहे. शेवटीं त्यांनीं काँग्रेस पक्षाच्या सभासदांस इ. स. १९४० च्या ब्रिटिश पार्लमेंटाची आठवण दिली. त्या वर्षीं मे महिन्यांत नॉर्वेच्या मोहिमेवरील वादांत चेंबरलेन यांचें सरकार २८१ विरुद्ध २०० मतांनीं टिकलें. परंतु स्वपक्षीयांपैकीं पुष्कळांनीं साथ सोडल्यामुळें दोनच दिवसांनीं त्यांस पद सोडावें लागलें. आपल्या सभागृहांतील बहुसंख्य पक्षानेंही तसें धैर्य दाखवावें, ही कृपलानींची मागणी होती. ती त्या दिवशीं कोणीं मानली नाहीं.

हा हल्ला खर्चाच्या मागणीवरच कां झाला, हें समजून घेतलें पाहिजे. अविश्वासाचा ठराव दाखल होण्यास ५० सभासदांनीं पाठिंबा द्यावा लागतो, आणि दुसऱ्या लोकसभेंतील विरोधी पक्ष संख्येनें अल्प व परस्परांत विस्कळित होते. मागण्यांच्या चर्चेंत मात्र एकट्या सभासदासही मंत्र्याच्या साऱ्या कारभाराचा झाडा घेतां येतो. शिवाय राज्यघटनेच्या १०५ व्या अनुच्छेदामुळें सभागृहांतील भाषणाबद्दल सभासदावर न्यायालयांत कारवाई होऊं शकत नाहीं. तेव्हां वृत्तांतांतील भाषा जितकी मोकळी, तितकी मैदानांतील सभेंतली भाषा मोकळी असेलच असें धरूं नये. दोहोंची तुलना करतांना हा भेद ध्यानांत ठेवावा.

आरोपांस पूर्वपीठिका होती. ऑगस्ट १९५९ मध्यें पूर्व सीमेवर लोंगजू येथें चकमक झाली, आणि अक्साई चीनमधून चीननें रस्ता नेल्याची गोष्ट पंतप्रधान नेहरूंस संसदेंत मान्य करावी लागली. त्याच महिन्याच्या अखेरीस सेनापति थिमय्या यांनीं मेनन यांच्याशीं न पटल्यामुळें राजीनामा दिला व नेहरूंच्या सांगण्यावरून तो परत घेतला. २१ ऑक्टोबर रोजीं कोंगका खिंडीजवळ भारतीय पोलिसांच्या तुकडींतील कांहींजण मारले गेले. उभय सरकारांच्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका त्या सप्टेंबरांत संसदेपुढें ठेवण्यांत आली होती. आपल्या कोंकणांतील राजापूरचे प्रतिनिधि बॅ. नाथ पै हेही या काळीं सरकारास प्रश्न विचारणाऱ्यांत होते.

आतां उपनगरांकडे वळूं. ज्या मंत्र्यावर हे आरोप झाले, तो इ. स. १९५७ पासून उत्तर मुंबईचा प्रतिनिधि होता. येथें संग्राहकांस एक सूचना करणें अवश्य आहे: मतदारसंघाच्या नांवावरून त्याची सीमा ओळखूं नये. इ. स. १९५२ मध्यें याच नांवाच्या द्विसदस्य मतदारसंघांत डॉ. आंबेडकर यांचा नारायण काजरोळकर यांजकडून पराभव झाला, पण तो प्रदेश निराळा. पुढें महापालिकेची हद्द १९५० व १९५७ सालीं दोन टप्प्यांनीं उत्तरेकडे सरकली. अंधेरीकडील पश्चिम रेल्वेची बाजू व कुर्ला-घाटकोपरकडील मध्य रेल्वेची बाजू हीं दोन्हीं अंगें, जुनीं गांवठाणें, नवे कारखाने आणि निर्वासितांच्या वसाहती, असा संमिश्र मुलूख मेनन यांच्या वांट्यास आला होता. १९५७ चे त्यांचे प्रतिस्पर्धी पीटर अल्वारिस हे गोवामुक्तीच्या चळवळीचे पुढारी. आणि गोवा मुक्त झाला तो मेनन संरक्षणमंत्री असतांना, १९ डिसेंबर १९६१ रोजीं. इतिहास अशीं वळणें पुष्कळदां घेतो.

गोव्याच्या विजयानंतर दोनच महिन्यांनीं, फेब्रुवारी १९६२ मध्यें, सार्वत्रिक निवडणूक झाली. ७३ वर्षांच्या कृपलानींनीं बिहारांतील आपला सीतामढी मतदारसंघ सोडून मेनन यांच्यासमोर उत्तर मुंबईंत अपक्ष म्हणून उभें राहणें पत्करलें. प्रजा समाजवादी, स्वतंत्र व जनसंघ यांनीं त्यांस साह्य केलें. कम्युनिस्ट मेनन यांच्या बाजूस गेले. नेहरूंनीं मेनन यांचा कैवार घेऊन त्यांस विरोध म्हणजे माझ्या धोरणास विरोध अशी भूमिका घेतली. चित्रपटनट दिलीपकुमार यांनींही प्रचार केला. सभागृहांतील वाद अशा रीतीनें उपनगरांच्या चौकांत आला, आणि तेथें कृपलानी एक लाखाहून अधिक मतांनीं हरले.

यावरून मतदारांनीं देशाच्या सुरक्षिततेकडे डोळेझाक केली असें म्हणण्याची चाल पडली आहे. आम्हांस तें उतावीळपणाचें वाटतें. गोव्याचा विजय ताजा होता, नेहरूंचा शब्द मोठा होता, आणि हिमालयांत तोफा किती, चौक्या कोठें, हें जाणण्याचें साधन सामान्य मतदारास नव्हतें. मुलुंड व चेंबूर येथें सिंधी निर्वासितांची वस्ती व कृपलानी जन्मानें सिंधी, एवढ्यावरून मतांचा हिशेब मांडणेंही तितकेंच अपुरें.

दि. २० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीनची चढाई झाली. ३१ ऑक्टोबरला संरक्षण खातें मेनन यांजकडून निघालें व ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळांतूनच गेले. येथें संशोधकानें विशेष सावध राहावें. मेनन यांस लोकसभेच्या कोणत्याही मतदानानें काढलेलें नाहीं. कृपलानींनीं दीड वर्षापूर्वीं ज्याची याचना केली, तें काम काँग्रेसच्या सभासदांनीं अखेर केलें, पण पक्षाच्या बैठकींत, बंद दारांआड. म्हणून जो केवळ लोकसभेच्या वृत्तांतावर विसंबेल, त्यास आरोप सांपडेल, निवाडा सांपडणार नाहीं. यशवंतराव चव्हाण यांनीं २१ नोव्हेंबर रोजीं संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. युद्धविरामाची चिनी घोषणाही त्याच दिवसाची. हिमालयाच्या हांकेस सह्याद्रि धांवून गेल्याची म्हण महाराष्ट्रांत तेव्हांपासून रूढ आहे.

कृपलानी इ. स. १९६३ मध्यें अमरोहाच्या पोटनिवडणुकींतून लोकसभेंत परत आले आणि त्याच ऑगस्टांत त्यांनीं सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेंत चर्चेस आलेला हा पहिलाच असा ठराव. २२ ऑगस्ट रोजीं तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनीं नामंजूर झाला. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स व ब्रिगेडियर भगत यांनीं केली. चव्हाणांनीं तिच्या निष्कर्षांविषयीं २ सप्टेंबर १९६३ रोजीं संसदेंत निवेदन केलें, पण मूळ अहवाल सरकारनें अद्याप प्रसिद्ध केलेला नाहीं. त्याचा कांहीं भाग इ. स. २०१४ मध्यें पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनीं उघड केला. म्हणजे आरोपाचा कागद सर्वांस खुला व तपासाचा कागद अपुरा, अशी साधनांची आजची स्थिति आहे.

मेनन यांस १९६७ सालीं काँग्रेसनें उमेदवारी नाकारली. ते अपक्ष म्हणून ईशान्य मुंबईंतून उभे राहिले व स. गो. बर्वे यांजकडून पराभूत झाले. पानशेतच्या पुरानंतर पुण्याची घडी बसविणारे तेच हे बर्वे. निवडून आल्यावर अल्पकाळांतच बर्वे वारले, तेव्हां पोटनिवडणुकींत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनींही मेनन यांस हरविलें.

राहतां राहिला तो १९६२ च्या प्रचाराचा किरकोळ छापील ऐवज: हस्तपत्रकें, भित्तिपत्रकें, मतदारांस दिलेल्या चिठ्ठ्या. असा ऐवज ग्रंथालयें सहसा राखीत नाहींत. तो घरोघरच्या माळ्यांवर व रद्दींत शोधावा लागतो. निवडणुकीच्या कायद्यांत १९६१ सालीं झालेल्या दुरुस्तीनें प्रत्येक प्रचारपत्रकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव-पत्ता छापणें सक्तीचें झालें. अंधेरी, घाटकोपर वा मुलुंडकडे असें पत्रक कोणाच्या हातीं आल्यास खालची बारीक ओळ आधीं वाचावी, आणि पत्रक चिकटवहींत डकवितांना ती कापूं नये. काळ व अस्सलपणा ठरविण्यास तिच्याइतकें खात्रीचें साधन त्या कागदावर दुसरें नसतें.