कौशल्याचा घसारा

ढगात शिरलेल्या वैमानिकास क्षितिज दिसत नाही आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय त्यास बेमालूम फसवते. वळणारे विमान सरळ चालले आहे असा भास होतो. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांची परीक्षा घेतली, तेव्हा विमान धोक्याच्या स्थितीत जाण्यास सरासरी १७८ सेकंद पुरले.

शिक्षण घेतले तरी ते टिकतेच असे नाही. म्हणून तेथील कायदा नुसत्या परवान्यावर विसंबत नाही. मागील सहा महिन्यांत केवळ उपकरणांच्या आधारे सहा वेळा धावपट्टीच्या रोखाने विमान खाली आणल्याची नोंद हवी. ती नसल्यास ढगात शिरण्यास मनाई. आणखी सहा महिने असेच गेले, तर पुन्हा परीक्षा!

परंतु कायदा खेपा मोजतो, कस मोजत नाही. पदरच्या पैशाने इंधन भरणारा हौशी वैमानिक निरभ्र दुपारी डोळ्यांवर झापड बांधतो, शेजारी जाणता सोबती बसवतो आणि परिचित धावपट्टीवरच सहाही खेपा उरकतो. वही पूर्ण होते. यंत्राचा घसारा ताळेबंदात दिसतो. हाताचा घसारा मात्र कोणत्याच खात्यात पडत नाही. निदान काही खेपा अपरिचित विमानतळावर, शिक्षकासमक्ष व्हाव्यात, अशी सक्ती का नसावी? कायद्याला मान्य असलेले, जमिनीवरचे कृत्रिम उड्डाणयंत्र तर विमानाहून स्वस्तही पडते.