पहिली कुस्ती जोडीची हवी

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते आणि महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची. दोन्हीकडे कुस्त्यांचा फड असतो. दुसऱ्या दिवशी पेपरात येते ती शेवटची कुस्ती: इनाम किती होतं, कोणी कोणाला कुठल्या डावावर अस्मान दाखवलं. पण गावोगावच्या जत्रांत फडाची सुरुवात होते ती पोरासोरांच्या कुस्त्यांनी. रेवड्यांवर, नारळावर, फार तर दहा-वीस रुपयांवर लागणाऱ्या या कुस्त्यांकडे माणसं अजून नीट बसलेलीही नसतात, तेव्हा कोण लक्ष देणार! तरी मराठवाड्यातल्या कुस्तीचं भवितव्य शेवटच्या कुस्तीपेक्षा या पहिल्या कुस्त्यांवर जास्त अवलंबून आहे, असं माझं ठाम मत आहे. तालमीत नव्यानं आलेल्या पोरानं किंवा पोरीनं लवकर फडात उतरावं. हरण्याची भीती बाळगू नये. मात्र कुस्ती जोडीची असावी. नवख्याचं नुकसान पराभवानं होत नाही, विजोड कुस्तीनं होतं.

तालमीत रोज जोर-बैठका काढणाऱ्या, लढती करणाऱ्या पोराला वाटतं की आपल्याला कुस्ती येते. ते अर्धंच खरं असतं. तालमीतला जोडीदार ओळखीचा असतो; त्याची पकड, त्याचा आवडता डाव, तो कुठे दमतो, हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. फडात समोर अनोळखी अंग येतं. हलगी कडाडत असते, चहूबाजूंनी आरडाओरडा असतो, छाती धडधडत असते. अशा वेळी नवखा पैलवान पहिल्या मिनिटात हमखास एक चूक करतो: समोरच्याचं मनगट किंवा मान जीव खाऊन आवळून धरतो आणि श्वास रोखतो. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं आणि हात भरून येतो. मग डाव डोक्यात असूनही हातातून निघत नाही. वस्तादानं शंभरदा ‘श्वास सोड’ म्हणून सांगितलेलं असतं, पण ते कळतं फडातच. पहिल्या स्पर्धेचं काम निकाल देण्याचं नाही. आपल्या तयारीत नेमकं काय कच्चं आहे, ते दाखवणं हे तिचं काम.

याचा सर्वांत मोठा पुरावा कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. मातीत घडलेला हा पैलवान 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा गादीही नवी होती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला. घरी बसून ते नियम आणि ती गादी कधीच उमगली नसती. चार वर्षांनी, 1952 साली हेलसिंकीत, बँटमवेट गटात त्यांनी ब्राँझ पदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनला अपयश म्हणणाऱ्यांनी हेलसिंकीचा हिशेब लंडनपासून मांडून पाहावा.

आता जोडीबद्दल. यात्रेच्या फडात जोड लावण्याची जी जुनी रीत आहे, ती जवळून पाहण्यासारखी असते. लंगोट लावलेलं पोरगं हात वर करून फडाला चक्कर मारतं. पंचांपैकी कोणी जुना पैलवान त्याला थांबवतो, गर्दीतून दुसऱ्याला बोलावतो आणि दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतो. नजर आधी उंचीवर जाते, मग मानेवर, मनगटांवर, मांड्यांवर आणि शेवटी कानांवर. कान चेपलेला, जाड झालेला असेल तर पोरगं तालमीत मुरलेलं आहे हे लगेच ओळखू येतं. मग वजन सारखं असलं तरी त्याला कोवळ्या कानाच्या पोराशी जोडत नाहीत. दोघांचे वस्ताद मान डोलावतात, पोरं हात मिळवतात, एकमेकांच्या अंगाला माती लावतात आणि कुस्ती लागते. या एका मिनिटाच्या पाहणीत अनुभवाचं मोजमाप होतं, आणि ते कुठल्याही वजनकाट्यावर होत नाही. पाच सेकंदांत चीत झालेलं पोरगं काहीच शिकत नाही, पाच सेकंदांत चीत करणारंही नाही. तीन-चार मिनिटं घाम काढणारी कुस्ती झाली, तरच दोघांच्या पदरात काही पडतं, मग निकाल काहीही लागो.

यावर पहिला आक्षेप वस्तादांचाच असतो. कच्चं पोरगं फडात उतरवलं की तालमीचं नाव जातं. दोन-तीन वर्षं मेहनत होऊ द्यावी, मग बघू. यात तथ्य आहे, पण थोडंच. मान मजबूत नसलेल्या, पडायचं कसं हे न शिकलेल्या पोराला उतरवूच नये. ज्युदोत डाव शिकवण्याआधी पडणं शिकवतात, ते उगाच नव्हे. मात्र एवढी तयारी झाली की थांबण्यात फायदा नाही. जितकं थांबावं तितकी पहिल्या कुस्तीची प्रतिष्ठा वाढत जाते, आणि मग हार खरोखरच जिव्हारी लागते. रेवड्यांवरची कुस्ती हरलेलं पोरगं पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या जत्रेत पुन्हा हात वर करतं. जिल्हा निवड चाचणीलाच जे पहिल्यांदा उतरतं, त्याला दुसऱ्या संधीसाठी वर्षभर वाट पाहावी लागते.

दुसरा आक्षेप शिकल्यासवरल्या पालकांचा: पदकं गादीवर मिळतात, मातीतल्या कुस्तीचा काय उपयोग? नियमांत फरक मोठा आहे, हे मान्य. यात्रेत पाठ टेकली की निकाल. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, गुणांचा हिशेब, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. मातीतून येणारा मुलगा गुण राखायला कमी पडतो. पण लातूर जिल्ह्याचाच इतिहास पाहा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार मातीतले. 1969 साली लातुरातच झालेल्या स्पर्धेत ते महाराष्ट्र केसरी झाले, आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत गादीवर सुवर्णपदक घेऊन आले. 1972 साली रुस्तुम-ए-हिंद झाले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. त्यांतला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे नंतर लातूर जिल्ह्यातल्याच काका पवारांकडे तयार झाला आणि 2018 साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकला. माती गादीला आडवी येत नाही. दोन्हींची ओळख लवकर व्हावी, एवढंच.

खरा धोका वेगळाच आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वजनगटाच्या पहिल्याच स्पर्धेत बारा-तेरा वर्षांच्या पोराला खालच्या गटात बसवण्यासाठी उपाशी ठेवतात, पाणी तोडतात, जाड कपडे घालून पळवतात. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना पाच आठवड्यांच्या आत दगावले; त्यानंतर तिथले नियम बदलावे लागले. 2024 साली पॅरिसमध्ये शंभर ग्रॅमनी अंतिम लढत हुकलेली विनेश फोगाट सगळ्यांनी पाहिली. तो तिच्या पातळीवरचा प्रश्न होता. वाढत्या वयाच्या नवख्यानं मात्र एक ग्रॅमही उतरवू नये. जे वजन असेल त्या गटात खेळावं. त्या गटात हरला तरी चालेल.

दुखापतींची भीती पालकांना वाटते आणि ती वाटायलाच हवी. कानात रक्त साकळलं तर लगेच डॉक्टरकडून काढून घ्यावं लागतं, नाहीतर कान कायमचा चेपतो. अंगावर गजकर्ण असलेल्या मुलाला उतरवणं हा समोरच्यावर अन्याय आहे. मानेला झटका बसला तर कुस्ती तिथेच थांबवायला हवी, मग प्रेक्षक कितीही ओरडोत. हे सगळं सांभाळता येण्यासारखं आहे. पण फडावर सांभाळणारा माणूस असतो तो बहुधा शेवटच्या मोठ्या कुस्त्यांच्या वेळी, सकाळी पोरांच्या वेळी नव्हे.

मुलींची अडचण आणखी मोठी. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. त्यानंतर मुलींना तालमीत पाठवणारी घरं पुढे येत असतील, तर त्यांच्या पहिल्या कुस्तीची सोय गावच्या फडात व्हायला हवी. फडावर आलेल्या मुलीला सारख्या वयाची, सारख्या तयारीची जोड मिळाली नाही, तर ती परत जाते, आणि पुढच्या वर्षी येत नाही.

म्हणून नांदेड-लातूरच्या यात्रा कमिट्यांना विनंती आहे. शेवटच्या कुस्तीच्या इनामातून थोडे पैसे बाजूला काढा. सकाळच्या कुस्त्यांना एक वजनकाटा, एक डॉक्टर आणि जोड लावायला दोन जाणते पैलवान बसवा. मुलींच्या जोड्या आधी नावं घेऊन ठरवा. हरलेल्यालाही नारळ द्या. एवढं करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, आणि येत्या यात्रेपासूनच ते करता येईल.