शास्त्रज्ञाच्या वेतनाची मोजपट्टी

केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा मंजूर केली, न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्याकडे त्याचे अध्यक्षपद दिले आणि अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत घातली. आयोग बसला की कारकुनापासून सचिवापर्यंत प्रत्येक वर्गाची निवेदने तयार होऊ लागतात. त्या गर्दीत सरकारी प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञांचा आवाज सहसा क्षीणच असतो. रेल्वे थांबली तर त्याच दिवशी हाहाकार उडतो. प्रयोग थांबला तर दहा वर्षांनी उणीव भासते, आणि तोवर दोन-तीन अर्थमंत्री बदललेले असतात!

सर्वांत खालच्या वेतनाला मोजपट्टी आहे. पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने १९५७ साली ती आखून दिली : कुटुंबाला किती उष्मांकांचे अन्न लागते, वर्षाला किती वार कापड लागते, हे धरून हिशेब करावयाचा. सातव्या आयोगाने याच मार्गाने किमान वेतन १८,००० रुपये ठरविले. वरच्या टोकाला मंत्रिमंडळ सचिवाचे २,५०,००० रुपये ही सीमा. या दोहोंमध्ये शास्त्रज्ञाला कोठे बसवावयाचे? प्रशासकीय अधिकाऱ्याच्या तक्त्यात जी चौकट जवळची दिसेल तिच्यात, हेच याचे आजवरचे उत्तर आहे.

कागदावर यात समता दिसते. सातव्या आयोगाच्या तक्त्यात नवा प्रशासकीय अधिकारी आणि ‘ब’ श्रेणीचा शास्त्रज्ञ हे दोघेही ५६,१०० रुपयांपासून आरंभ करतात. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत डॉक्टरेट घेऊन येणाऱ्याला एक पायरी वरची, म्हणजे ६७,७०० रुपयांची जागा मिळते. परंतु चोविसाव्या वर्षी सेवेत शिरलेला प्रशासकीय अधिकारी चार वर्षांत त्याच पायरीवर पोहोचतो. डॉक्टरेट आणि तिच्यापुढील संशोधन आटोपून शास्त्रज्ञ तेथे येतो तेव्हा तो बहुधा बत्तिशीला टेकलेला असतो. मधली वर्षे त्याने शिष्यवृत्तीवर काढलेली असतात. ही शिष्यवृत्ती २०१९ साली ३१,००० रुपये झाली आणि जानेवारी २०२३ पासून ३७,०००. मधल्या चार वर्षांत महागाई वाढतच होती. सरकारी नोकराला तिच्यासाठी भत्ता मिळतो, संशोधक विद्यार्थ्याला मिळत नाही. भविष्यनिर्वाह निधी नाही, ही वर्षे निवृत्तिवेतनासाठी मोजलीही जात नाहीत. एप्रिल २०२५ पासूनच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत अर्ध्या पगाराच्या पूर्ण हमीसाठी पंचवीस वर्षांची सेवा लागते. छत्तिसाव्या वर्षी रुजू होऊन साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याने काय करावे?

आम्ही एके काळी शाळेत शिकवीत होतो. वर्गातला सर्वांत हुशार मुलगा पुढे काय होणार, हे बहुधा त्याच्या घरची मिळकतच ठरवीत असे. ज्याला लवकर हातभार लावावयाचा, तो संशोधनाच्या वाटेला जात नसे. वेतनाचा प्रश्न हा बुद्धिमत्ता कोणत्या घरांतून येते याचाही प्रश्न आहे.

आश्वासनांची उणीव नाही. मार्च १९५८ मधील विज्ञानधोरणाच्या ठरावात शास्त्रज्ञांना सेवेच्या चांगल्या अटी आणि मानाचे स्थान देण्याचे वचन आहे. त्याच वर्षी परदेशांतून परतणाऱ्यांसाठी ‘सायंटिस्ट्स पूल’ सुरू झाला. होमी भाभांनी तुर्भ्याला जागा रिकामी होण्याची वाट न पाहता गुणवत्तेवर बढती देण्याची पद्धत रुजविली. इतरत्र मात्र एक दुर्घटना घडावी लागली. १९७२ साली दिल्लीच्या भारतीय कृषिसंशोधन संस्थेतील एका शास्त्रज्ञाने आत्महत्या केली, तेव्हा साताऱ्याचे सुपुत्र व माजी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि १९७५ साली कृषिसंशोधन सेवा अस्तित्वात आली. त्या सेवेत ठरावीक काळाने कामाचे मूल्यमापन करून रिक्त जागेविना बढती देण्याचे तत्त्व मान्य झाले. पुढे लवचीक बढतीची योजना अनेक खात्यांत आली. परंतु मूल्यमापन मंडळ वेळेवर बसले नाही की बढतीची तारीख पुढे सरकते, आणि या विलंबाचा दंड विलंब करणारा भरीत नाही.

सरकारी नोकरीची शाश्वती हेही एक वेतनच, आणि प्रयोगशाळांतील प्रत्येक खुर्चीवर प्रज्ञा बसलेली नसते, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. त्यात तथ्य आहे. निबंधांची संख्या मोजून मोठे झालेले लोक आम्हांसही ठाऊक आहेत. म्हणूनच सरसकट वाढीचा आग्रह आम्ही धरीत नाही. मूल्यमापन कठोर असावे, बाहेरच्या तज्ज्ञांनी करावे, आणि जो कमी ठरेल त्याला तसे स्पष्ट सांगावे. मात्र जो पात्र ठरेल त्याची बढती ज्या दिवशी देय झाली त्याच दिवसापासून लागू व्हावी. संशोधनात गेलेल्या वर्षांपैकी काही तरी वेतननिश्चितीत आणि निवृत्तिवेतनात धरली जावीत. शिष्यवृत्तीला महागाई भत्त्याची जोड द्यावी. यांपैकी शेवटच्या गोष्टीस आयोगाची गरजही नाही. संबंधित मंत्रालयांनी मनावर घेतले तर पुरे.

आयोगाने दिल्लीतील संघटनांचे म्हणणे ऐकावेच. पण पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि नागपूरच्या ‘नीरी’त एकेक दिवस बसून पस्तिशीतील शास्त्रज्ञांना दोनच प्रश्न विचारावेत : पहिला पूर्ण पगार कोणत्या वर्षी हाती आला, आणि बरोबरचे कितीजण त्याआधीच निघून गेले?